गाळाखालचं जोतं

तात्या, काल तुमचा दहावा झाला. लोक जमले होते, प्रत्येकानं चार शब्द बोलावेत असा आग्रह चालला होता, आणि माझी पाळी आली तेव्हा मी "तात्या फार चांगले होते" असं काहीतरी पुटपुटून खाली बसले. तुम्ही असतात तर तोंडावर पंचा धरून हसला असतात. नावेत आठ-आठ तास जिची टकळी बंद व्हायची नाही, त्या बाईची ऐन वेळी दातखीळ बसली.

खरं तर मला एवढंच सांगायचं होतं, की मी तुम्हाला फसवलं होतं. सहा वर्षांपूर्वी, भर दुपारी, पाण्यावर, तुमच्या डोळ्यांत बघून. आणि ते खोटं तुमच्या राखेपर्यंत येऊन पोचेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

आपली ओळख झाली तो दिवस आठवतो का? उजनी धरणात गाळ किती साठलाय ते मोजायचं काम आमच्या सोलापुरातल्या, सात रस्त्याजवळच्या ऑफिसकडे आलं होतं. मी नवी, पुस्तकातून शिकून आलेली, आणि तुम्ही रोजंदारीवरचे नावाडी. तुम्ही "रामराम मॅडम" म्हणालात. मी "जयभीम" म्हणाले. तुम्ही क्षणभर थांबलात, मान हलवलीत आणि दोर सोडायला वळलात. मला वाटलं, झालं, आता वर्षभर हा माणूस तुटक वागणार. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर मला लांबूनच बघून तुम्हीच आधी हात वर केलात, "जयभीम, ताई." त्यानंतर आपल्यात रामराम आणि जयभीम आलटून पालटून चालले, ज्याला जे आधी सुचेल ते.

मशीन काय करतं ते मी तुम्हाला मोठ्या ऐटीत समजावलं होतं. नावेच्या कडेला बांधलेलं हे नळकांडं पाण्यात आवाज सोडतं, आवाज तळाला आपटून परत येतो, जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "म्हंजी आडात हाक मारल्यागत की." झालं. माझं दोन वर्षांचं शिक्षण तुम्ही एका वाक्यात संपवलंत.

ताटलीवरनं आपण किती भांडलो! सकाळी काम सुरू करण्याआधी साखळीला बांधलेली लोखंडी ताटली मशीनखाली मोजून पाच मीटरवर सोडायची, आणि मशीन पाचच दाखवतंय ना ते बघायचं, हा नियम. कारण पाणी गार असलं की आवाज हळू चालतो, ऊन लागलं की भरभर. थंडीत बसवलेला आकडा उन्हाळ्यात तसाच राहिला तर पंधरा मीटरवर वीतभर गाळ जास्त दिसतो, जो तिथं नसतोच. हे मला पाठ होतं, पण करायचा कंटाळा होता. तुमचं म्हणणं, ताटली दुपारीपण सोडायची. मी म्हणायचे, चार बोटांचा फरक कोण बघतंय? तुम्ही म्हणायचात, "सकाळचं पानी येगळं, दुपारचं येगळं. त्याला इचारल्याबिगर त्याच्या पोटातलं लिवू नगा." आणि मी डबा उघडून बसले तरी तुम्ही एकटेच ती जड साखळी सोडत राहायचात. माझ्या कागदांवरचे आकडे साहेबांनी कधी परत पाठवले नाहीत, त्याची शाबासकी मी घेतली. तुम्हाला कधी नुसतं "बरं झालं तात्या" असंसुद्धा म्हणाले नाही.

तुमचं गाव त्याच पाण्याखाली होतं. करमाळा तालुक्यातलं, जुन्या नदीपात्राला लागून. धरण भरलं तेव्हा तुम्ही बारा वर्षांचे होतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की इतर गावांची देवळं, पार, भिंती उघड्या पडतात, लोक गाड्या घेऊन फोटो काढायला येतात. तुमचं गाव खोलात, ते एकदाही वर आलं नाही. "बाकीच्यांची गावं वरसाला माहेरपनाला येत्यात," तुम्ही म्हणायचात, "आमचं तेवडं न्हाय." आणि एका ठिकाणी तुम्ही दर वेळी इंजिन हळू करायचात. टेकडीवरचं देऊळ आणि मागच्या डोंगराची खाच एका रेघेत आली, की पाण्याकडं बोट करायचात. "हितं आमचं घर हाय, ताई."

एकदा मी विचारलं, "आमची वस्ती कुठं होती हो तुमच्या गावात?" आमची म्हणजे कुणाची, ते तुम्हाला सांगावं लागलं नाही. "खालच्या अंगाला. वड्याच्या पल्याड."

"म्हणजे पाणी आधी तिकडं आलं असणार."

"व्हय. दोन दिस आदी."

"मग वरच्या लोकांनी काय केलं?"

"मी ल्हान हुतो, ताई."

"लहान होता, आंधळे नव्हता ना!"

हे बोलले आणि लगेच जीभ चावली. तुम्ही दिवसभर कामाचं सोडून एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी, आखणीत नसताना, तुम्ही नाव ओढ्याच्या पलीकडं नेलीत आणि इंजिन हळू केलंत. "हितं," म्हणालात. "आईनं आमाला तिकडं जाऊ दिलं न्हाय. आन् मीबी गेलो न्हाय." मी फक्त "चला, पुढची लाइन घेऊ" म्हणाले. तुम्ही माझ्यासमोर एवढं उघडं केलं होतंत आणि मी वहीत डोकं घालून बसले. त्या गोष्टीवर आपण परत कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं, भांडायला तरी हवं होतं.

मग ते दुसरं मशीन आलं, चार दिवसांपुरतं. हे नुसती खोली सांगत नाही, दोन्ही बाजूंना आवाज फेकून तळाचं चित्र काढतं. भिंत असली की ती उजळ उमटते आणि मागं तिची काळी सावली पडते. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. धक्क्यावर सगळ्यांदेखत मी म्हणाले, "तात्या, यापासून पाण्यातलं काही लपत नाही. तुमचं घर शोधून देते, पैज लावा." तुम्ही पैज लावली नाहीत. तुम्ही दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा आणि नवी टोपी घालून आलात. घरी पाहुणा म्हणून निघालेल्या माणसासारखे.

तुमच्या खुणांवरून आपण तीन वेळा गेलो. खाली सपाट गाळ, सारवलेल्या अंगणासारखा. मी खोलीचं मशीनही चालवून बघितलं. रेघ सरळच्या सरळ. "इथं काही नाही, तात्या," मी म्हणाले. "हाय," तुम्ही म्हणालात. "खुना खोटं बोलत न्हाईत." दुसरा दिवस असा गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी दुपारी, तिथून दोन-अडीचशे मीटरवर, पडद्यावर एक छान चौकोन आला. चार भिंती, एका बाजूला दाराएवढी फट. आणि मी ओरडले, "तात्या, हे बघा! तुमचं घर!"

"पर खुना..."

"तुमच्या खुणा बारा वर्षांच्या पोराच्या. माणसाचा अंदाज चुकतो, तात्या. मशीनचा नाही."

तुम्ही खिशातून चष्मा काढलात. बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "व्हय की." आणि पंच्यानं डोळे पुसलेत.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की एका भल्या माणसाच्या आनंदासाठी बोललेलं खोटं ते, त्यात काय एवढं. पण तसं नव्हतं. धक्क्यावर मोठ्या तोंडानं बोलून बसले होते, दुसऱ्या दिवशी मशीन परत जाणार होतं, आणि मला हरायचं नव्हतं. तुमचा आनंद वगैरे मला नंतर सुचला.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातला गावठाणाचा जुना नकाशा काढून बघितला. त्या चौकोनाच्या जागी स्पष्ट अक्षरांत लिहिलं होतं, कोंडवाडा. मोकाट गुरं डांबायची सरकारी जागा! सरकारी म्हणून दगडी, आणि दगडी म्हणून टिकलेली. मी नकाशाची घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली. सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारी तुम्ही ऑफिसात कागदावर सही करायला आलात ते काखेत एक पुडकं घेऊनच. मी दिलेल्या चित्राला तुम्ही नवी पेठेत जाऊन काचेची फ्रेम करून आणली होती, सोनेरी कडेची, खाली जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडेसुद्धा नीट दिसतील अशी. आता काय सांगणार, कपाळ? तुमच्या घरी जेवायला आले तेव्हा ती फ्रेम देवांच्या शेजारी होती आणि तुमच्या मंडळी, ज्यांना मी मावशी म्हणते, त्या तिला उदबत्ती ओवाळत होत्या. तुम्ही आग्रह करून अजून एक भाकरी वाढलीत.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर, मावशींनी मला बाजूला बोलावलं. कलश झाडाला टांगला होता. "ताई, त्यांची लई विच्छा हुती. घरावरच सोडा म्हनले. दहाव्याला तुमी या, जागा दावा. आकडं हायती फोटूखाली, पर आमाला त्यातलं काय कळतंय?"

मी हो म्हणाले. मग गाडीत बसले आणि करमाळ्यापासून सोलापूरपर्यंत मला एकच दिसत राहिलं. तुमची राख कोंडवाड्यात पडताना.

सात दिवस होते हाताशी. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं झालं तेव्हा मी सहा वर्षांपूर्वीची ती नोंद उघडली. तुमच्या खुणांवरून गेलेली. आखणीबाहेरची म्हणून ती कुणी कधी बघितलीच नव्हती, मीसुद्धा नाही. आणि तात्या, तिथं दोन रेघा होत्या.

आमचं मशीन दोन आवाज सोडतं, एक बारीक, एक जाड. गल्लीत डीजे लागला की भिंतीतून फक्त ढमढम आत येतं आणि गाणं बाहेर राहतं, तसंच हे. बारीक आवाज गाळाच्या वरच्या थरावरून परत फिरतो. जाड आवाज गाळातून खाली जातो आणि जुन्या जमिनीला लागतो. दोन रेघांमधला फरक तो गाळ. हेच तर आमचं काम! पण त्या दिवशी मी घर शोधत होते, गाळ नाही, म्हणून पडदा स्वच्छ दिसावा असं म्हणून खालची रेघ लपवून ठेवली होती. घर चांगलं भिंती-दारांसकट गाळाच्या वर उभं असेल असं गृहीत धरून. तुमच्या लोकांनी गाव सोडताना वासे, दारं, खांब सगळं गाड्यांत घालून नेलं होतं, मातीच्या भिंती पहिल्याच पाण्यात विरघळल्या असणार, हे तुम्हीच मला दहादा सांगितलं होतंत. राहिलं असलं तर जोतं तेवढं राहिलं असणार, आणि तेही गाळाखाली.

खालची रेघ एका ठिकाणी हातभर वर उचलली होती. सरळ, काटकोनात. वीसेक पावलं तशीच पुढं जाऊन परत खाली उतरली होती. देवळाच्या आणि खाचेच्या बरोबर रेघेत.

खडकाची पायरीही असू शकते. मी मोजणारी बाई आहे, शपथेवर जोतं म्हणणार नाही. पण खडक सहसा इतका शिस्तीत वागत नाही. मग मी ओढ्यापलीकडची नोंदही उघडली, तुम्ही मला न विचारता नाव नेलीत तेव्हा मशीन चालूच होतं. तिथं खालची रेघपण सपाट होती. त्या घरांना दगडी जोतं कुठलं असायला? मी बराच वेळ ती सपाट रेघ बघत बसले होते. तुम्ही असतात तर ती तुम्हाला दाखवली असती, आणि या वेळी गप्प बसले नसते.

काल नाव तुमचा थोरला, रमेश, चालवत होता. मावशी मध्ये बसल्या होत्या, मांडीवर कलश. साहेबांना विचारून मी मशीन बांधून घेतलं होतं, जागा नेमकी सापडावी म्हणून. रमेशनं फ्रेमखालचे आकडे मोबाईलमध्ये घालून ठेवले होते आणि नाव तिकडं, कोंडवाड्याकडं निघाली होती. मला एक वाक्य बोलून सुटता आलं असतं. आकडा जरा चुकला होता, एवढंच. कुणाला संशय आला नसता. ते वाक्य ओठांवर आलंही होतं. पण तेही खोटंच झालं असतं, आणि ते मी तुमच्या राखेसमोर बोलले असते.

"रमेश, इंजिन बंद कर," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. पैज, चौकोन, नकाशा, सहा वर्षं.

रमेश लालबुंद झाला. "म्हंजी येवडी वर्सं आमी भित्तीवर काय लावलंय? कोंडवाडा? आन् तुमाला ठावं हुतं? आमच्या घरी जेवून गेला की वो तुमी!"

त्याचं बरोबर होतं. मावशी पाण्याकडं तोंड करून बसल्या होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. "अगं बया! मी रोज उदबत्ती कोंडवाड्याला लावत हुते व्हय!" आणि हसता हसताच रडू लागल्या. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला, पदरानं तोंड पुसलं, आणि थोड्या वेळानं परत माझ्या हातात दिला.

"ह्यास्नी ठावं हुतं का वो, ताई?"

"मला माहीत नाही, मावशी."

"मलाबी न्हाय. माज्याजवळ तर घरच म्हनायचे."

तात्या, हे मी कुणाला विचारू आता? ज्या कोंडवाड्यातनं तुम्ही लहानपणी बापाची गाय सोडवून आणली असेल, तो तुम्ही ओळखला नसेल? "व्हय की" म्हणालात ते मला सांभाळून घेण्यासाठी? कालच्या कालच एक आठवलं. त्या दिवसानंतरही चार वर्षं तुम्ही नाव चालवलीत, आणि चित्राच्या जागी तुम्ही एकदाही इंजिन हळू केलं नाहीत. हळू करायचात ते जुन्याच ठिकाणी. मी मागं बसून डबा खात असायचे. सवय असेल म्हणा. पण मला वाटतं तुम्हाला माहीत होतं, आणि मी कधीतरी आपणहून सांगेन म्हणून तुम्ही वाट बघत राहिलात. तसं असेल तर फार वाट बघायला लावली मी तुम्हाला. माफ करा, तात्या. हे तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं.

रमेशला खुणा माहीत नव्हत्या. मी त्याला देऊळ दाखवलं, खाच दाखवली, आणि दोन्ही एका रेघेत येईपर्यंत डावं-उजवं सांगत राहिले. त्या वेळी मी पडद्याकडं बघितलं नाही. रेघ जुळली तेव्हाच बघितलं. खालची रेघ हातभर वर उचललेली. रमेशनं इंजिन बंद केलं. वारा पडला होता, नाव जागच्या जागी राहिली.

मावशी म्हणाल्या, "सोड रं." रमेशनं कलश पाण्याला टेकवून हळूहळू वाकवला.

मशीन बंद करायचं मी विसरले होते, तात्या. ते आपलं टिकटिक करत आवाज सोडत होतं. आणि पडद्यावर, वर, पाण्याच्या तोंडाशी एक पुसट डाग उमटला. आधी मला कळलंच नाही. मग तो खाली सरकायला लागला, तिरपी धूसर रेघ ओढत. दोन मीटर, चार, सहा. अस्थींचे बारीक कण, राख. आवाज त्यांना लागून परत येत होता. आयुष्यभर मी तळ मोजत आले, मधलं पाणी कधी बघितलं नव्हतं. माझ्या तोंडून हुंदका फुटला. मावशी सरकून माझ्याजवळ आल्या.

"काय दिसतंय, ताई?"

"तात्या," मी म्हणाले. "खाली चाललेत."

त्या पडद्याला हात लावायला गेल्या, पण लावला नाही. आम्ही तिघं बघत राहिलो. आठ, नऊ, दहा. रेघ विरळ होत गेली. तळ चौदावर होता. बारापर्यंत मला ती दिसली, मग नाही.

"पोचले का?" मावशींनी विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं. त्यांना तेच ऐकायचं होतं, रमेशला ऐकायचं होतं, मलाही.

"दोन मीटर राहिले होते, मावशी. तिथून पुढं मशीनला दिसत नाही."

मावशींनी रिकामा कलश पाण्यात बुडवून धुतला, पालथा करून मांडीवर घेतला.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "तितनं फुडं वाट ठावं हाय त्यास्नी."